दोन भावांच्या मधला माइक

कॅमेरा दिसला की माणूस केस नीट करतो, पोट आत घेतो, तोंड सांभाळतो. माइकचं तसं नाही. शर्टाच्या आत एवढासा माइक चिकटवला की थोड्या वेळाने माणूस त्याला पार विसरतो. मग तो गाडीत, जिन्यात, बाथरूममध्ये जे काही बोलतो ते सगळं माझ्या हेडफोनमध्ये येतं. मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप कानात साचत जातात. बरेचसे सांगण्यासारखे नसतात. फाँग कुटुंबाचे मात्र सांगते, कारण त्यांनीच मला सांगितलंय की खुशाल सांग, फक्त आम्ही दिसतो त्यापेक्षा आम्हाला जाड करू नकोस.

फाँग म्हणजे हाँगकाँगचं नाटकवालं घर. आई, वडील, दोन मुलगे, एक मुलगी, सगळेच स्टेजवर. धमाल विनोदी नाटकं करायचे. आता ते इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला राहतात. गेल्या वर्षी इथल्या कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगकडची भाषा बोलणाऱ्या, लोकांनी ज्या लाँड्रीच्या कॉमेडी फिल्मला मँचेस्टरपासून साउथॅम्प्टनपर्यंत हॉलच्या हॉल भरले, ती यांचीच. लोक हसून हसून बाहेर पडायचे. आम्ही ती शूट करताना फारसे हसलो नाही.

मोठा मुलगा विंग. तो दिवसा एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. सिनेमा त्याने लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात कामही केलं. मला कामावर घेण्याआधी त्याने ऑफिसच्या कँटीनमध्ये भेटायला बोलावलं. मी माझी कामं सांगितली, कुठली उपकरणं आणीन ते सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "तुला कँटोनीज येतं?"

मला वाटलं, गेली नोकरी. म्हटलं, "नाही. एक शब्दही नाही."

"छान," तो म्हणाला. "सोमवारपासून ये."

*

त्या "छान"चा अर्थ पहिल्याच दिवशी कळला: घरातलं भांडण माझ्या कानात येणार होतं, पण मला समजणार नव्हतं.

आम्ही बेसिंगस्टोकमध्ये एक बंद पडलेली लाँड्री भाड्याने घेतली होती. सिनेमाही लाँड्रीवाल्या कुटुंबाचाच होता: भांडखोर बाप आणि सतत एकमेकांवर आळ घेणारे दोन मुलगे. बापाचं काम खरे वडीलच करत होते, आणि मुलांचं विंग आणि त्याचा धाकटा भाऊ किट.

माझ्याबरोबर बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरायला सई होती. सई माझ्याच वयाची, लंडनच्या वेम्बलीत जन्मलेली, तिचे आईवडील मूळचे साताऱ्याचे. मराठी मनापासून बोलते, फक्त कोण 'तो', कोण 'ती' यावर तिचा विश्वास नाही. पहिल्याच दिवशी ती फोनवर तिच्या मुलीला म्हणाली, "बाबाला सांग, मम्मीची ट्रेन लेट आहे," आणि किटने दचकून मागे वळून पाहिलं. कँटोनीजमध्येही वडिलांना बाबाच म्हणतात. त्या दिवसापासून आम्ही दोघीही म्हाताऱ्या फाँगना बाबा म्हणायला लागलो. त्यांना ते फार आवडलं.

मोठ्या भावाला त्यांच्यात 'गो' म्हणतात. मी मालवणची. आमच्याकडे 'गो' म्हणजे बाईला मारलेली हाक. त्यामुळे पहिल्यांदा लिनने, म्हणजे मधल्या बहिणीने, विंगला "गो" म्हणून हाक मारली तेव्हा मीच "काय?" म्हटलं. सगळे हसले. विंगही हसला.

किट हसला नाही. किट त्याला 'गो' म्हणत नव्हता. तो त्याला 'डिरेक्टर' म्हणायचा, आणि तेही त्याच्या तोंडावर नाही. दोन भाऊ हातभर अंतरावर उभे असायचे, आणि किट स्वतःच्या छातीवरच्या माइकमध्ये इंग्रजीत बोलायचा, "मीनल, डिरेक्टरला सांग, मी डावीकडून येतो."

मी हेडफोनमधून ऐकायचे आणि सांगायचे, "विंग, किट डावीकडून येतोय."

विंग म्हणायचा, "त्याला सांग, उजवीकडून."

सई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "हे दोघी वेडा आहे का?"

कारण लिनने सांगितलं. तिला माइक लावताना मी मागच्या खोलीत होते, आणि तीच हळू आवाजात बोलायला लागली. विंग आधी इंग्लंडला आला, बायकोमुलांसह. बाकीचे मागाहून यायचे होते. तेवढ्यात आई आजारी पडली. आईने किटला शपथ घातली की विंगला कळवायचं नाही, त्याचे कागद व्हायचेत, तो सगळं टाकून परत येईल. किट रोज फोनवर भावाला सांगत राहिला की आई मजेत आहे, नाटकाच्या तालमीला जाते. मग एक दिवस त्याला खरं सांगावं लागलं, तेव्हा सांगण्यासारखं एवढंच उरलं होतं की आई गेली.

"विंग म्हणतो, तू माझ्याकडून आई चोरलीस," लिन म्हणाली. "किट म्हणतो, मी आईला दिलेला शब्द पाळला. दोघंही बरोबर आहेत, म्हणून तर मिटत नाही."

मग तिने कॉलर नीट केली आणि विचारलं, "माइक चालू होता का?"

होता.

*

ओल्या टॉवेलचा सीन दुसऱ्या आठवड्यात होता. धाकटा थोरल्याच्या तोंडावर ओला टॉवेल फडकावतो, थोरला मागे कपड्यांच्या ढिगात पडतो. एवढंच.

पहिल्या वेळी किटने टॉवेल इतका हलका मारला की तोंड पुसल्यासारखं दिसलं. विंग मला म्हणाला, "त्याला सांग, जोरात." मी सांगितलं. पुन्हा झालं. "अजून जोरात." मी पुन्हा सांगितलं. किटने टॉवेल बादलीत बुडवला, पिळला, मनगटाला गुंडाळला. हे सगळं त्याने फार सावकाश केलं.

तो आवाज माझ्या कानात फटाक्यासारखा फुटला. विंग पडला नाही. उभाच राहिला. ओठातून रक्त आलं आणि हनुवटीवर उतरलं. कॅमेरामन कॅमेरा बंद करायचा विसरला.

विंगने भावाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "साउंड ठीक?"

आता काय सांगायचं? आवाज इतका मोठा होता की रेकॉर्डिंग फाटलं होतं. ते वापरता येणार नव्हतं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण मी म्हणाले, "नाही. फाटलाय."

"मग पुन्हा," विंग म्हणाला आणि हाताने रक्त पुसलं.

तेव्हा बाबा उठले. सत्तरी ओलांडलेला, काडीसारखा माणूस. त्यांनी किटच्या हातातून टॉवेल घेतला आणि विंगसमोर उभे राहिले. काही न सांगता त्यांनी टॉवेल पूर्ण ताकदीने फिरवला, आणि तो विंगच्या गालापाशी केसभर अंतरावर थांबला. 'फट्' असा आवाज त्यांनी तोंडाने काढला. विंग धाडकन ढिगात कोसळला. त्याने ठरवून केलं नाही. लहानपणापासून अंगात भिनलेलं होतं ते.

बाबांनी टॉवेल किटला परत दिला. "माझ्या टॉवेलवर हा डोळे मिटून पडतो," ते इंग्रजीत म्हणाले. "तुझ्यावर का पडत नाही, ते तुम्ही दोघं बघा. मी चहा पितो."

पुढचा टेक पहिल्याच वेळी बरोबर आला.

*

माइक छातीवर चिकटवलेला असतो, त्यामुळे एखाद्या बारीक माणसाचं काळीजही कधीकधी ऐकू येतं. शक्यतो ते आम्ही नंतर काढून टाकतो. बाबांचं मी ओळखायला लागले होते. सीनच्या आधी ते जरा धावायचं, कॅमेरा सुरू झाला की शांत व्हायचं.

त्या दिवशी पळापळीचा सीन होता. बाबा दोन्ही मुलांच्या मागे इस्त्रीच्या टेबलांवरून धावणार आणि साबणाच्या पाण्यावरून घसरणार. तालीम झाली. बाबा भिंतीला टेकून उभे होते, हसत होते. माझ्या कानात त्यांचे ठोके येत होते. दोन ठोके, मग काहीच नाही, मग चार-पाच घाईघाईने, पुन्हा काही नाही.

मी सईच्या कानाला हेडफोन लावला. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझी बाबाला पण असंच झाली होती. बायपासच्या आधी."

विंगने "ॲक्शन" म्हणायला तोंड उघडलं. मी म्हणाले, "थांबा, साउंडला प्रॉब्लेम आहे." तो थांबला. मी उगाच वायरी हलवल्या. ठोके तसेच. पुन्हा तयारी झाली, मी पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा थांबवल्यावर विंग माझ्याकडे तरातरा आला. "काय प्रॉब्लेम आहे तुझा?"

सगळ्यांसमोर बोलायचं कसं? बाबा तिथेच उभे होते, आणि शूटिंग आपल्यामुळे थांबलं हे कळलं असतं तर ते आधी धावले असते. मी हेडफोन काढून विंगच्या हातात दिला.

त्याने कानाला लावला. आधी त्याला कळलंच नाही. मग त्याचा चेहरा बदलला. त्याने मान वळवली, शेजारी किट उभा होता. विंगने हेडफोनची दुसरी बाजू ओढून किटच्या कानाला लावली. एका हेडफोनमध्ये दोघांची डोकी, डोक्याला डोकं लागलेलं, आणि दोघंही श्वास धरून बापाचं काळीज ऐकत उभे.

"काय ऐकताय?" बाबांनी पलीकडून विचारलं. "मीही ऐकतो."

"गाडी काढ," किट इंग्रजीतच म्हणाला. मला नाही, माइकला नाही. विंगला म्हणाला.

हॉस्पिटलमध्ये त्याच दिवशी दाखल करून घेतलं. पेसमेकर बसवावा लागला. डॉक्टर लिनला म्हणाले, धावले असते तर कठीण होतं. दोघे भाऊ वेटिंग रूममध्ये खुर्च्यांच्या दोन टोकांना बसले होते. पुन्हा बोलणं बंद. विंगने जाहीर केलं की सिनेमा रद्द. आम्ही सामान आवरून घरी आलो.

काही आठवड्यांनी बाबांचाच फोन आला. "ये," म्हणाले. "धावायचं काम मुलं करतील. मी उभा राहून ओरडेन."

मी त्यांना माइक लावला, जागेवर जाऊन बसले. त्यांनी लांबून छातीवर बोट ठेवलं आणि भुवई उंचावली, "काय गं, ताल जमतोय आता?" असं विचारल्यासारखी.

*

कपाटाचा किस्सा मी अर्धाच सांगू शकते.

सीन असा की बापाच्या भीतीने दोघे भाऊ चादरींच्या लोखंडी कपाटात लपतात. बाहेर बाप दुकानभर शोधतोय, आत दोघे एकमेकांना कोपरं मारतायत. कपाट जुनं होतं. दार लावलं, टेक झाला, विंग आतूनच "कट" म्हणाला, आणि दार उघडेना. कडी बाहेरून अडकली होती.

आधी आम्हाला गंमत वाटली. सईने बूम खाली ठेवला आणि दार ओढायला लागली. मग माझ्या कानात विंगचा श्वास आला. बंद जागेत त्याचा जीव घुसमटतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. त्याने दारावर मुठी आपटायला सुरुवात केली. कपाट हलायला लागलं.

"स्क्रूड्रायव्हर," सई ओरडली. कॅमेरामन व्हॅनकडे धावला. लिन दाराशी तोंड नेऊन भावाला हाका मारत होती. बाबांना मी स्टुलावर बसवलं. ते उठायला बघत होते, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात दाबून ठेवला होता.

मग आपटणं थांबलं. आतून किट बोलत होता. बाहेर काही ऐकू येत नव्हतं, पण माझ्या कानात त्याचा प्रत्येक शब्द येत होता, शांत, एका लयीत. एक शब्द मला कळत होता, "आमा". म्हणजे आई. तो पुन्हापुन्हा येत होता. विंगचा श्वास हळूहळू लांब झाला. मग विंग काहीतरी बोलला, आणि किट गप्प झाला. मग कोणीतरी रडत होतं. कोण, ते मला आवाजावरून सांगता आलं नाही, आणि आवाज ओळखणं हेच माझं काम आहे.

सईने बिजागऱ्या सोडवल्या. दोघे बाहेर आले. विंग सरळ दुकानाबाहेर गेला. किट चादरींच्या घड्या करायला लागला.

बाबांनी हात पुढे केला. "मला ऐकव."

मी रेकॉर्डिंग मागे घेतलं आणि हेडफोन दिला. त्यांनी सगळं ऐकलं. डोळे उघडे होते, समोरच्या वॉशिंग मशीनकडे. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"आवाज खराब आलाय," ते म्हणाले. "पुसून टाक."

आवाज अगदी स्वच्छ आला होता. आमच्या धंद्यात मूळ रेकॉर्डिंगमधलं काहीही पुसत नाहीत. मी पुसला.

*

आता शेवटचा. सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो लंडनमधल्या ईलिंगच्या एका कम्युनिटी थिएटरमध्ये, रविवारी दुपारी. साउंडची जबाबदारी माझी. कपाटानंतर दोघे भाऊ एकमेकांना चहा द्यायला लागले होते, वाट सोडायला लागले होते, पण बोलणं असं नव्हतंच. आले तेही वेगवेगळे. विंग पुढच्या रांगेत डावीकडे बसला, किट पार मागे उजवीकडे.

हॉल गच्च. म्हाताऱ्या बायका, काठ्या, प्रॅम, डब्यातून आणलेलं खाणं. मधेमधे आमचीही काही मंडळी, सईने वेम्बलीहून आणलेली. पहिल्या पाच मिनिटांत हॉल हसायला लागला आणि माझा जीव भांड्यात पडला.

भांडणाच्या मोठ्या सीनला आवाज गेला.

चित्र चालू, आवाज बंद. पडद्यावर तिघांची तोंडं हलतायत. मी डेस्कवर सगळं तपासलं. माझ्याकडून सगळं ठीक होतं, थिएटरचा ॲम्प्लिफायरच बसला होता. लिन केअरटेकरला शोधायला बाहेर धावली. लोक कुजबुजायला लागले, कोणीतरी शिट्टी मारली. सिनेमा थांबवा म्हणून मी प्रोजेक्शनच्या खोलीकडे हात करणार, तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले.

आणि पडद्यावरचा बाप बोलायला लागला. बाबा आपल्या जागेवरून, ओठाला ओठ जुळवून, आपलेच संवाद ओरडत होते. हॉलमध्ये असा हशा की छत हललं. विंग डावीकडून उठला आणि थोरला झाला. किट मागून उठला आणि धाकटा झाला. ते भांडण त्यांच्या जुन्या नाटकातूनच घेतलेलं, वर्षानुवर्षं स्टेजवर केलेलं होतं. अडखळण्याचा प्रश्नच नव्हता. माना वळवून वळवून लोक कधी एकाकडे बघायचे, कधी दुसऱ्याकडे.

मी मात्र हसत नव्हते. पुढे काय येणार ते मला माहीत होतं.

त्या भांडणाच्या शेवटी मुलांची आई बोलते. ती दिसत नाही, आतल्या खोलीतून तिचा आवाज येतो. नाटकात ते एक वाक्य त्यांची खरी आई म्हणायची. सिनेमासाठी ते लिनने म्हटलं होतं, माझ्या घरी, कोपऱ्यातल्या खोलीत रजया टांगून. बऱ्याच प्रयत्नांनी जमलं होतं तिला. आई आतून ओरडते, "तुमच्यातला जो खरं बोलतोय त्याने भांडी घासायला यावं." त्यावर आत्तापर्यंत एकमेकांवर खोटारडेपणाचा आळ घेणारे दोघे झटकन एकमेकांकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "हा खरं बोलतोय." शूटिंगच्या वेळी विंगने हे दोन शॉट वेगवेगळ्या दिवशी घेतले होते. दोघांनीही रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं होतं.

लिन अजून बाहेरच होती.

पडद्यावर भांडण थांबलं. बाबा थांबले. तिघेही उभे, आणि हॉलमध्ये कसलाच आवाज नाही. पडद्यावर सगळ्यांच्या माना आतल्या खोलीच्या दाराकडे वळल्या. विंगने डोळे मिटून घेतले, ते मला डेस्कवरून दिसलं.

मधल्या रांगेतून एक आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, खणखणीत, जरा चिडका. ती उठली नाही, फक्त बोलली. ते वाक्य, शब्दन् शब्द. कोण होती, ते नंतर कोणालाच सांगता आलं नाही.

विंग मागे वळला. संपूर्ण हॉल मधे होता. किट हात उचलून उभाच होता. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, आणि एकाच वेळी, एकाच दमात म्हणाले, "हा खरं बोलतोय."

त्याच वेळी माझ्या डेस्कवर हिरवा दिवा लागला. ॲम्प्लिफायर परत आला होता.

मी आवाजाचा फेडर पार शून्यावर ओढला आणि तसाच दाबून धरला.